थिबा राजाचे रत्नागिरीतील निर्वासन : लोकभावना व आंतरराष्ट्रीय राजकारण

ब्रह्मदेशाचा (विद्यमान म्यानमार) अखेरचा राजा थिबा (१८५९–१९१६) यास ब्रिटिशांनी १८८५ मध्ये पदच्युत केले व एप्रिल १८८६ पासून त्याच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे तीस वर्षांहून अधिक काळ, कोकणातील रत्नागिरी येथे नजरकैदेत ठेवले. एका राज्यभ्रष्ट राजाची करुण कथा म्हणून हा वृत्तांत महाराष्ट्रात परिचित आहे. तथापि त्याचे महत्त्व तेवढ्यापुरते मर्यादित नाही. निष्ठेचे केंद्र असलेली व्यक्ती तिच्या लोकांपासून दूर नेली, की ती निष्ठाही कालांतराने विरून जाते, या गृहीतकावर एकोणिसाव्या शतकातील साम्राज्यांचे निर्वासनविषयक धोरण आधारलेले होते. हे गृहीतक कितपत खरे ठरले, हे पाहण्यासाठी रत्नागिरीचे उदाहरण अभ्यसनीय आहे. ब्रह्मी प्रजेची निष्ठा विरली नाही. तिचे प्रथम शोकात, नंतर अपमानाच्या जाणिवेत व पुढे राष्ट्रवादात रूपांतर झाले. या रूपांतरित भावनेचा रोख कोणाकडे वळेल, यावर मात्र मूळ धोरण आखणाऱ्यांचे नियंत्रण राहिले नाही.

संकल्पना : लोकभावना किंवा सामूहिक भावना म्हणजे एखाद्या समाजातील बहुसंख्य व्यक्तींना एकाच वेळी व एकाच विषयासंबंधी जाणवणारी भीती, निष्ठा, शोक, अपमान, आशा यांसारखी भावना. फ्रेंच विचारवंत गुस्ताव्ह ल बाँ याने १८९५ मध्ये समुदायाच्या मानसशास्त्रावर ग्रंथ लिहिला व समुदाय हा विवेकशून्य आणि सूचनेच्या आहारी जाणारा असतो, असे मत मांडले. पुढील अभ्यासकांना हे मत एकांगी वाटले. समूहाच्या भावनेमागे बहुधा ठोस अनुभव असतो व तिला स्वतःची संगती असते, याकडे त्यांनी लक्ष वेधले. २००९ मध्ये फ्रेंच लेखक दोमिनिक मॉइसी याने भीती, अपमान व आशा या तीन भावनांच्या आधारे समकालीन जगाच्या राजकारणाची मांडणी केली. तीत यूरोप-अमेरिकेत भीती, अरब जगतात अपमान व आशियात आशा ही भावना प्रधान असल्याचे प्रतिपादन आहे. अशा ठोकळ विभागणीला मर्यादा आहेत. कारण एकाच देशात या तिन्ही भावना एकमेकींत मिसळलेल्या असतात आणि एका पिढीतील एक भावना पुढील पिढीत दुसरीचे रूप घेते. ब्रह्मदेशाच्या इतिहासात हे स्पष्टपणे दिसून येते.

राज्यापहाराची पार्श्वभूमी : भावना फक्त जितांच्याच राजकारणात असतात आणि जेते निव्वळ हिशेबाने वागतात, अशी एक समजूत आढळते. १८८५ च्या घटनांवरून ती खोटी ठरते. मिंडान राजाच्या मृत्यूनंतर १८७८ मध्ये थिबा गादीवर आला. फेब्रुवारी १८७९ मध्ये मंडालेच्या राजवाड्यात राजघराण्यातील अनेक स्त्री-पुरुषांची हत्या झाली. या हत्याकांडाच्या वार्तांनी ब्रिटिश वृत्तपत्रांत संताप उसळला आणि थिबा हा मद्यपी व क्रूर जुलमी राजा, तर त्याची राणी सुपायालत ही त्याला नाचविणारी स्त्री, अशी प्रतिमा रूढ झाली. तत्पूर्वी पादत्राणांचा प्रश्न चिघळला होता. राजासमोर येताना पादत्राणे काढण्याचा ब्रह्मी दरबाराचा शिष्टाचार ब्रिटिश प्रतिनिधीने पाळू नये, असे भारत सरकारने ठरविल्यामुळे १८७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून राजाची प्रत्यक्ष भेटच थांबली. एका बाजूला तो राजप्रतिष्ठेचा व दुसऱ्या बाजूला साम्राज्याच्या प्रतिष्ठेचा प्रश्न होता.

आर्थिक कारणे अर्थातच प्रबळ होती. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन या कंपनीने सागवानी ओंडक्यांची संख्या कमी दाखवून राजभाग बुडविला, असा ठपका ठेवून ब्रह्मी राजसभेने तिला सुमारे २३ लाख रुपयांचा दंड केला. रंगूनच्या व्यापाऱ्यांनी १८८४ पासून उत्तर ब्रह्मदेश खालसा करण्याची मागणी लावून धरली होती. जानेवारी १८८५ मध्ये ब्रह्मदेश व फ्रान्स यांच्यात करार झाल्याने फ्रेंच प्रभावाची भीती तिच्यात मिसळली. त्याच महिन्यात सूदानमधील खार्टूम येथे जनरल गॉर्डन मारला गेल्यामुळे ब्रिटिश जनमत दुखावलेले होते. अशा वेळी एक सोपा व झटपट विजय राज्यकर्त्यांना इष्ट वाटला, तर त्यात नवल नाही. व्यापारी हिताने युद्धाचे कारण पुरविले. संताप, भीती व दुखावलेला अभिमान यांनी त्याला लोकसंमती मिळवून दिली.

नोव्हेंबर १८८५ च्या मध्यास जनरल प्रेंडरगास्टच्या नेतृत्वाखालील सैन्य आगबोटींतून इरावती नदीवरून पुढे सरकले. महिनाअखेर मंडाले पडले आणि २९ नोव्हेंबर रोजी राजा व राणी यांना बैलगाड्यांतून शहरातील रस्त्यांवरून नदीकाठी नेण्यात आले. रस्त्याच्या दुतर्फा जमलेल्या प्रजाजनांनी आक्रोश केला. १ जानेवारी १८८६ रोजी उत्तर ब्रह्मदेश ब्रिटिश साम्राज्यास जोडल्याची घोषणा झाली. तत्पूर्वी थोडेच दिवस, डिसेंबर १८८५ च्या अखेरीस, मुंबईत भरलेल्या भारतीय राष्ट्रीय काँग्रेसच्या पहिल्या अधिवेशनाने या सामिलीकरणास विरोध दर्शविणारा ठराव केला. ब्रह्मदेश घ्यावयाचाच असल्यास तो भारतापासून वेगळा ठेवावा, असेही त्यात म्हटले होते. या ठरावामागे ब्रह्मी जनतेविषयीच्या सहानुभूतीपेक्षा भारतीय तिजोरीवर पडणाऱ्या भाराची चिंता अधिक होती.

राजा गेल्यावर देश शांत होईल, ही अपेक्षा फोल ठरली. राजधानी जिंकण्यास दहा हजारांच्या आसपास सैन्य पुरले होते. परंतु पुढील दीड वर्षात बंडे मोडण्यासाठी सैनिक व लष्करी पोलीस मिळून ही संख्या चाळीस हजारांच्या घरात न्यावी लागली. मिंडानचा एक कोवळ्या वयाचा पुत्र, म्यिंझाइंगचा राजकुमार, याच्याभोवती काही बंडखोर गोळा झाले. त्याचा १८८६ मध्येच मृत्यू झाला, तरी प्रतिकार पुढे अनेक वर्षे धुमसत राहिला.

रत्नागिरीची निवड : पदच्युत राजाला समुद्रापलीकडे पाठविण्याची पद्धत ब्रिटिशांनी तोपर्यंत पूर्णत्वास नेली होती. १८१५ मध्ये कँडीचे राज्य घेतल्यावर तेथील राजा श्रीविक्रम राजसिंह यास वेल्लोर येथे ठेवण्यात आले. अखेरचा मोगल बादशाह बहादुरशाह जफर याची १८५८ मध्ये रंगूनला रवानगी झाली. ईजिप्तमधील उठावाचा नेता अराबी पाशा यास १८८२ च्या पराभवानंतर श्रीलंकेत पाठविले गेले. महाराष्ट्रालाही हा अनुभव नवा नव्हता. दुसऱ्या बाजीरावास १८१८ नंतर ब्रह्मावर्तास, सातारचे छत्रपती प्रतापसिंह यांना १८३९ मध्ये काशीस व बडोद्याचे मल्हारराव गायकवाड यांना १८७५ मध्ये मद्रासला पाठविण्यात आले होते. राजा जेथे परका असेल, जेथे त्याची भाषा कोणाला कळणार नाही व त्याच्या दुःखाने कोणी पेटून उठणार नाही, असे ठिकाण शोधणे, हे या पद्धतीचे सूत्र होते. लोकभावनेचे सामर्थ्य सरकारने किती गंभीरपणे मानले होते, हे यावरूनच दिसते.

थिबाला प्रथम मद्रास येथे व तेथून रत्नागिरीस आणण्यात आले. रत्नागिरी जिल्ह्याचे ठिकाण असल्याने तेथे अधिकारी व पोलीस होते; सह्याद्रीमुळे देशावरील प्रदेशाशी दळणवळण अवघड होते; मुंबईशी मुख्य संबंध आगबोटीचा व पावसाळ्यात तोही खंडित होणारा होता. रेल्वे तर तेथे विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकापर्यंत पोहोचली नाही. राजकुटुंब आरंभी भाड्याच्या बंगल्यांत राहिले. सध्या ‘थिबा राजवाडा’ म्हणून ओळखली जाणारी, जांभ्या दगडातील उतरत्या छपरांची प्रशस्त वास्तू त्यांच्यासाठी बांधण्यात आली व १९१० मध्ये ते तीत राहावयास गेले. मंडालेहून निघताना दोन राजकन्या बरोबर होत्या. तिसरी मद्रास येथे व चौथी रत्नागिरीत जन्मली. राजाने आपली रत्ने, विशेषतः ‘ङा मौक’ हे विख्यात माणिक, परत मिळावे म्हणून सरकारकडे अर्ज केले. त्यांचा उपयोग झाला नाही. बंदिवान असला, तरी तो स्थानिक लोकांच्या लेखी ‘थिबा राजा’च राहिला, रत्नागिरीत आजही त्याचा उल्लेख याच नावाने होतो.

मंडाले व रत्नागिरी : साम्राज्याने ज्या मार्गाने राजा कोकणात आणला, त्याच मार्गाने उलट दिशेस भारतातील लोकनेते ब्रह्मदेशात धाडले. लाला लजपतराय व अजितसिंग यांना १९०७ मध्ये मंडालेस पाठविण्यात आले. त्यानंतर तेथे गेलेले लोकमान्य टिळक हे जन्माने (२३ जुलै १८५६) रत्नागिरीचे होते. ब्रह्मी राजधानीचे आता ‘फोर्ट डफरिन’ असे नामांतर होऊन ती लष्करी छावणी बनली होती व राजवाड्याच्या एका भागात यूरोपीयांचा क्लब भरत असे. तो १९०१ च्या भेटीनंतर लॉर्ड कर्झनने तेथून हलविण्याचा आदेश दिला. याच किल्ल्यातील तुरुंगात टिळकांनी सप्टेंबर १९०८ ते जून १९१४ हा काळ काढला व गीतारहस्य हा ग्रंथ लिहिला. मंडालेचा राजा रत्नागिरीत आणि रत्नागिरीत जन्मलेला लोकनेता मंडालेत, अशी स्थिती सुमारे सहा वर्षे होती.

दोन्ही निर्वासनांचे परिणाम मात्र भिन्न झाले. टिळकांना २२ जुलै १९०८ रोजी सहा वर्षांची शिक्षा होताच मुंबईतील गिरणी कामगारांनी शिक्षेच्या प्रत्येक वर्षासाठी एक दिवस, याप्रमाणे सहा दिवसांचा संप केला. लष्कर बोलावण्यात आले आणि गोळीबारात माणसे मृत्युमुखी पडली. या कामगारांत रत्नागिरी जिल्ह्यातून पोटासाठी मुंबईस आलेल्यांचा भरणा मोठा होता. लेनिनने त्याच वर्षी जागतिक राजकारणातील स्फोटक परिस्थितीविषयी लिहिलेल्या लेखात या संपाची दखल घेतली व भारतातील कामगारवर्ग राजकीय लढ्यास सिद्ध झाल्याचा निष्कर्ष काढला. थिबासाठी मंडालेत असा संप झाला नाही. ब्रह्मदेशात वृत्तपत्रे, सभा, संस्था व संघटित कामगार यांचे जाळे १८८५ मध्ये नव्हते. तेथील निष्ठा राजवाडा, दरबार व विहार यांच्याशी बांधलेली होती आणि पहिली दोन केंद्रे एका रात्रीत नाहीशी झाली होती. एकाच धोरणाचा परिणाम एके ठिकाणी तात्काळ उद्रेक व दुसरीकडे दीर्घकालीन धुमस असा का होतो, याचे उत्तर भावनेच्या तीव्रतेत नसून तिला वाहून नेणाऱ्या संस्थांत आहे.

रत्नागिरीचा बंदिस्थान म्हणून उपयोग पुढेही झाला. विनायक दामोदर सावरकर यांना १९२४ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात स्थानबद्ध करण्यात आले व राजकारणात भाग घेण्यास मनाई करण्यात आली. ती १९३७ पर्यंत टिकली. या काळात त्यांचे कार्य अस्पृश्यतानिवारणाकडे वळले व १९३१ मध्ये पतितपावन मंदिराची स्थापना झाली. अडविलेला प्रवाह दुसरी वाट शोधतो, याचे हे एक निराळे उदाहरण होय.

मृत राजाची भीती : डिसेंबर १९१६ मध्ये थिबाचे रत्नागिरीत निधन झाले. पार्थिव ब्रह्मदेशात नेऊ द्यावे, असा राणीचा आग्रह होता. सरकारने तो मानला नाही. दोन वर्षांहून अधिक काळ दफनाचा प्रश्न लोंबकळत राहिला आणि १९१९ मध्ये राजा व त्यापूर्वी निवर्तलेली त्याची धाकटी राणी यांचे रत्नागिरीतच दफन करण्यात आले. त्यानंतर सुपायालतला मायदेशी परतण्याची परवानगी मिळाली. ती १९२५ मध्ये रंगून येथे निधन पावली, तेव्हाही तिचे दफन मंडालेस होऊ दिले गेले नाही. श्वेडगॉन पॅगोड्याच्या परिसराजवळ ते झाले. जिवंत राजापेक्षा त्याची समाधी अधिक धोकादायक ठरू शकते, ही शंका या निर्णयांमागे दिसते. बहादुरशाह जफर याची कबर १८६२ मध्ये मुद्दाम खूण न ठेवता जमिनीशी सपाट केली गेली, तीही याच शंकेपोटी.

ही शंका निराधार नव्हती. नेपोलियनचा १८२१ मध्ये सेंट हेलीना बेटावर मृत्यू झाला. १८४० मध्ये त्याचे अवशेष समारंभपूर्वक पॅरिसला आणले गेले व आठच वर्षांनी त्याचा पुतण्या लूई नेपोलियन फ्रान्सचा राष्ट्राध्यक्ष निवडून आला. जफरच्या रंगूनमधील कबरीपाशी १९४३ मध्ये नेताजी सुभाषचंद्र बोस यांनी आझाद हिंद सेनेचा समारंभ केला. दिल्लीकडे कूच करणाऱ्या सेनेला दिल्लीच्या अखेरच्या बादशाहाचे स्मरण प्रेरणादायी वाटले. जिवंत नेत्याच्या निर्वासनाने तर अनेकदा सत्तांतर जवळ आणले. ईजिप्शियन नेता झगलूल पाशा यास मार्च १९१९ मध्ये माल्टाला पाठविताच देशव्यापी उठाव झाला व १९२२ मध्ये ब्रिटनला ईजिप्तचे स्वातंत्र्य, अटींसह का होईना, मान्य करावे लागले. मोरोक्कोचा सुलतान पाचवा मुहम्मद यास फ्रेंचांनी ऑगस्ट १९५३ मध्ये कॉर्सिकास व पुढे मादागास्करला नेले. चंद्रबिंबात त्याचा चेहरा दिसतो, अशी वदंता देशभर पसरली. १९५५ मध्ये त्याला सन्मानाने परत आणणे फ्रान्सला भाग पडले आणि १९५६ मध्ये मोरोक्को स्वतंत्र झाला.

अपमानाचे रूपांतर : ब्रह्मदेशात राजाच्या अभावाची जाणीव विसाव्या शतकात नव्या स्वरूपात प्रकटली. १९०६ मध्ये स्थापन झालेल्या तरुण बौद्धांच्या संघटनेने यूरोपीयांनी पॅगोड्यात पादत्राणे घालून वावरण्याचा प्रश्न हाती घेतला. अर्धशतकापूर्वी राजासमोरचा हा अपमान आता संपूर्ण समाजाचा अपमान ठरला. १९१९ मध्ये याबाबत नियम ठरविण्याचा विहारप्रमुखांचा अधिकार सरकारला मान्य करावा लागला. १९३० मध्ये तांदळाचे भाव कोसळून कर व कर्ज यांनी शेतकरी पिचला असता साया सान याने स्वतःस राज्याभिषेक करवून घेतला व डिसेंबरमध्ये बंड पुकारले. राजा गेल्याला पंचेचाळीस वर्षे झाल्यावरही शेतकऱ्याला न्यायाची कल्पना राजाच्या रूपातच सुचली, ही बाब लक्षणीय आहे. १९३१ मध्ये साया सानला फाशी देण्यात आली; पुढील वर्षी बंड शमले.

या भावनेची दुसरी बाजूही नोंदणे आवश्यक आहे. ब्रह्मदेश जिंकणाऱ्या सैन्यात भारतीय सैनिक मोठ्या संख्येने होते आणि १९३७ पर्यंत तो देश ब्रिटिश भारताचा एक प्रांत होता. रंगूनच्या लोकसंख्येत १९३१ साली निम्म्याहून अधिक लोक भारतीय होते. मंदीच्या काळात कर्जवसुलीपोटी दक्षिण ब्रह्मदेशातील प्रमुख भातशेतीच्या जिल्ह्यांतील सुमारे एक चतुर्थांश जमीन चेट्टियार सावकारांकडे गेली. परिणामी साम्राज्याविरुद्धचा राग साम्राज्याबरोबर आलेल्या भारतीयांवर निघाला. १९३० व १९३८ मध्ये भारतीयांविरुद्ध दंगली झाल्या. १९४२ च्या जपानी आक्रमणात लाखो भारतीयांनी देश सोडला व अनेकांचा वाटेतच अंत झाला. १९६२ च्या लष्करी सत्तांतरानंतरच्या राष्ट्रीयीकरणाने आणखी लक्षावधी भारतीय परतले. त्यांत गरीब गोदी कामगारांसारखे, ब्रह्मी शेतकऱ्याइतकेच पिचलेले लोकही होते. अपमानित समाजाचा क्रोध नेहमी अपमान करणाऱ्यापर्यंत पोहोचतो असे नाही. पुष्कळदा तो जवळच्या व दुबळ्या माणसावर कोसळतो. २०१७ मध्ये रोहिंग्या लोकांना मोठ्या संख्येने बांगला देशात आश्रय घ्यावा लागला. त्यांना परके व वसाहतकाळात आलेले ठरविणाऱ्या प्रचारातही या जुन्या भावनेचा वापर झालेला दिसतो.

समाधींची राजनीती : स्वातंत्र्यानंतर निर्वासित राजांची स्मृती दोन्ही देशांच्या परराष्ट्रव्यवहारात शिरली. मंडालेहून कलकत्त्यास नेलेले सिंहासन १९४८ मध्ये ब्रह्मदेशास परत करण्यात आले. भारताचे पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी २०१२ मध्ये व नरेंद्र मोदी यांनी २०१७ मध्ये जफरच्या कबरीस भेट दिली. म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन डिसेंबर २०१२ मध्ये थिबाच्या समाधीस येऊन गेले. डिसेंबर २०१६ मध्ये राजाच्या मृत्यूस शंभर वर्षे झाल्यानिमित्त रत्नागिरीत झालेल्या कार्यक्रमास त्याच्या वंशजांबरोबर म्यानमारचे उपराष्ट्राध्यक्ष व सरसेनापतीही उपस्थित होते. याच सरसेनापतीने, मिन आंग ह्लाइंग याने, फेब्रुवारी २०२१ मध्ये निर्वाचित सरकार उलथवून सत्ता बळकावली. पूर्वी साम्राज्याला ज्या शोकाची भीती वाटत होती, तोच शोक स्वतंत्र राष्ट्राच्या सत्ताधाऱ्यांना प्रतिष्ठेचे साधन म्हणून हवासा वाटू लागला.

या शासकीय स्मरणाबाहेर रत्नागिरीत एक वेगळी स्मृतीही टिकून राहिली. थोरली राजकन्या १९१९ नंतर पुन्हा रत्नागिरीस आली व १९४७ मध्ये तेथेच निवर्तली. तिच्या मुलीने मराठी संसार थाटला व सामान्य स्थितीत विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत तेथेच आयुष्य व्यतीत केले. राजवाड्यात पुढे शासकीय संग्रहालय झाले. अमिताव घोष यांच्या २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या द ग्लास पॅलेस या इंग्रजी कादंबरीमुळे या इतिहासाकडे भारताबाहेरील वाचकांचेही लक्ष वेधले गेले.

मूल्यमापन : भावना हेच इतिहासाचे एकमेव कारण मानणे चूक ठरेल. सागवान, तांदूळ, कर्ज व सत्तांची स्पर्धा यांवाचून ब्रह्मदेशाच्या इतिहासाचा उलगडा होत नाही. परंतु भौतिक कारणे संघर्षाची सामग्री पुरवितात, तर तो केव्हा पेटेल व कोणाविरुद्ध पेटेल, हे बऱ्याच अंशी सामूहिक भावना आणि तिला वळण देणाऱ्या संस्था ठरवितात. संस्था समर्थ असल्यास १९०८ च्या संपाप्रमाणे भावना राजकीय हक्काची भाषा बोलू लागते. त्या नसल्यास ती साया सानच्या अभिषेकाकडे किंवा दंगलीकडे वळते. माणसाला त्याच्या लोकांपासून तोडता येते, पण लोकांच्या मनातील त्याचे स्थान रिकामे ठेवता येत नाही. ते कोणीतरी भरून काढतोच, मग तो लोकनेता असो वा लष्करशहा. थिबा राजाची समाधी रत्नागिरीतच आहे.